मार्सेलाची सवत

२ ऑक्टोबर १९८९, सोमवार

एस्पिननं आज रेडिओ बारीक केला. माझ्यादेखत. माझ्या मार्सेलाच्या वेळेला!

एकोणीस वर्षं मी इथल्या ला पासच्या बाजारात एस्पिनच्याच टपरीवर बातचोय, शेवयांचा रस्सा, खाते. दुपारी बारा वाजता मी लिहिलेली श्रुतिका ‘मार्सेलाची वाट’ लागली की ही बाई डाव हातात धरून उभी राहायची, शेवया उतू गेल्या तरी हलायची नाही. आज मार्सेला जळत्या गोदामात अडकली होती. छप्पर कोसळत होतं. आणि एस्पिन आवाज बारीक करून एका गिऱ्हाइकाशी कांद्यावर बोलत बसली.

साडेबाराला दुसरी श्रुतिका लागली, त्या पोरीची, ‘कानातलं’. लगेच आवाज मोठा. डाव हवेत. "गप बसा रे, बिबांग आली."

मी अर्धा वाडगा टाकून उठले. "पेली, बरं नाही का तुला?" म्हणे. मला काय धाड भरलीय!

३ ऑक्टोबर, मंगळवार

मारिफे रेडिओ स्टेशनात येऊन अजून वर्ष नाही झालं. सव्वीस वर्षांची पोर, अँतीकेकडच्या एका खेड्यातली. औषधाच्या दुकानात होती म्हणे. पुड्या बांधता बांधता गोष्टी सुचल्या! बॉस पानेसनं तिला साडेबाराची वेळ दिली, तेव्हा मीच म्हटलं होतं, देऊन बघा. दोन महिन्यांत गाशा गुंडाळेल असं वाटलं होतं.

आता जीपनीवाले तिच्याकडून भाडं घेत नाहीत. माझ्याकडून घेतात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बॉसनं बोलावलं. डिसेंबरपासून दुपारी एकच श्रुतिका राहणार. दुसऱ्या अर्ध्या तासात बातम्या. दोघींतली एक बंद.

कुठली, ते सांगितलं नाही. म्हणाला, "अजून ठरायचंय. तुला एक सांगायचंय, पेली, पण आत्ता नको." मग कॉफी ढवळत म्हणाला, "तुझ्या मार्सेलाला सगळं होतं बघ. पूर येतो, आग लागते, आंधळी होते, पुन्हा दिसायला लागतं. पण मार्सेलात काही होत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी होती तश्शीच आहे ती बाई."

"चांगली बाई आहे ती," मी म्हटलं. "चांगल्या बाईत काय व्हायचंय?"

तो हसला. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मार्सेला बंद झाली तर मी काय करायचं? नवरा नाही, पोर नाही. रोज सकाळी उठून त्या बाईवर संकट आणते आणि तिला त्यातून सोडवते, एवढाच माझा संसार.

९ ऑक्टोबर, सोमवार

आज ठरवून बिबांग ऐकली. दार लावून, पेन घेऊन. चुका काढायला.

बिबांग मोलकरीण आहे. मालकिणीचं मोत्याचं कानातलं तिनं चोरलं. एकच, जोडीतलं एक. आळ आला तासिंगवर, बरोबरच्या मोलकरणीवर. तिला घालवलं. आता बिबांगवर कुणाचा संशय नाही. कुणी मागे लागलेलं नाही. ना पूर, ना गुंड. मालकीण उलट हिच्यावर खूश. हिची बढती!

आणि वीस मिनिटं ही बाई करते काय, तर तांदूळ निवडते. तासिंगची चटई गुंडाळून ठेवते, परत पसरते. मालकीण म्हणते, "तू होतीस म्हणून बरं, बिबांग," आणि ही गप्प. संपला भाग.

मी एकही चूक लिहून घेतली नाही. पेन हातातच होतं.

वर आमची नटी दादिंग! दोन्हीकडे तीच. बाराला मार्सेला, साडेबाराला बिबांग, एकच माईक. मार्सेलासाठी रडते तेव्हा घड्याळाकडे बघून रडते, मी काचेतून बघितलंय. बिबांगच्या वेळी चपला काढून उभी राहते. का, विचारलं तर मोठ्या बहिणीला म्हणावं तसं म्हणते, "माहीत नाही मानांग, पायात काही नको वाटतं."

माझ्या मार्सेलासाठी एकोणीस वर्षांत कधी चपला काढल्या नाहीत मेलीनं.

१० ऑक्टोबर, मंगळवार

मार्सेलाला गोदामातून बाहेर काढलं. पाय भाजला. कुणी काही बोललं नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मारिफे माझ्या टेबलाशी आली. गावाहून आईनं पाठवलेले इबोस घेऊन आली होती, ताडाच्या पानातला चिकट भात. "मानांग, घ्या ना." माझ्यापुढे एवढी वाकून बोलते की वाटतं, थट्टा करते की काय.

मी सरळच विचारलं, "तुझ्या बाईला काही होत का नाही गं, इन्दाय पोरी? संकट आल्याशिवाय माणूस वाढतो का?"

ती पान सोलत होती. म्हणाली, "बाहेरून आलं तर पळता येतं, मानांग. तुमची मार्सेला किती छान पळते! लहानपणी मी धुणं बडवत ऐकायची. पण आतनं आलं तर पळणार कुठं?"

"तुमची मार्सेला किती छान पळते!" असं म्हणाली. मी इबोस खाल्ला नाही. घरी आणला. मग खाल्ला. चांगला होता, त्याचाही राग आला.

१६ ऑक्टोबर, सोमवार

मारिफे रजेवर चालली. वडील आजारी आहेत म्हणे. आणि तेवढ्या दिवसांची बिबांग आधी लिहून द्यायची सोडून, ती येईपर्यंत बिबांग मी लिहायची! बॉसनं सांगितलं, मी कोण नाही म्हणणार.

जाण्याआधी मला घेऊन बसली. तासभर. बिबांग कशी बोलते, कुठे थांबते, राग आला की भांडं जास्त घासते, खरं बोलायची वेळ आली की दुसऱ्याची चौकशी करते. मला शिकवते! मी लिहायला लागले तेव्हा हिचे दुधाचे दात पडत होते.

पुढची गोष्ट तर ऐकण्यासारखी. बिबांगला कळतं की तासिंग गिमारास बेटावर माहेरी आहे. ती कानातलं घेऊन होडीत बसते. पलीकडचा धक्का येतो, धक्क्यावर तासिंग मासे विकताना दिसते. आणि ही उतरतच नाही. त्याच होडीनं परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ती उतरेपर्यंत."

"आणि कधी उतरते?"

"ते मलाही नाही माहीत, मानांग. तुम्ही बघा."

शेवटी म्हणाली, "एक अजून राहिलंय. तिनं कानातलं का चोरलं, ते लोक विचारतात. मला उत्तरच सापडत नाही. गरीब म्हणून नाही, तेवढं नक्की."

आपल्याच बाईचं माहीत नाही, आणि लोक डोक्यावर घेऊन नाचतात!

१८ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिलं. होडी जाते, होडी येते. बाजारात एस्पिन मला सांगते, "बिबांग आज पण उतरली नाही गं." मला सांगते. जिनं सकाळी टाइप केलं तिला!

बॉस कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "साडेबाराला पत्रांची पोती येतायत." बाराला काय येतंय, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्याकडे कागद आधी कुणी वाचत नाही. सकाळी टाइप होतो, शाई ओली असताना माईकसमोर जातो. नटांनाही तेव्हाच कळतं. ही आमची रीतच आहे.

म्हणजे होडी बुडवली तर बुडाली.

बिबांग गेली की ‘कानातलं’ गेलं. मग डिसेंबरात कोण बंद होणार हा प्रश्नच नाही. समुद्रात होड्या बुडतात. मी मार्सेलाच्या कितीक होड्या बुडवल्यात, त्यात काय.

२२ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आल्यापासून टाइपरायटरपुढे बसले आहे. वादळ लिहायला मला अर्धा तास लागतो, हात बसलाय. आज दिवस गेला.

होडीत बिबांगला बसवलं आणि वादळ यायच्या आधी तिला काहीतरी बोलायला हवं होतं. शेजारी एक म्हातारी बसवली. म्हातारी विचारते, "कुणाकडे चाललीस?" बिबांग म्हणते, "मैत्रिणीकडे." मग माझी बोटं आपोआप चालायला लागली. बिबांग म्हातारीला सांगते की ही मैत्रीण इस्त्री फार छान करायची. ती माझ्यानंतर कामाला लागली. मी मालकिणीकडे दहा वर्षं होते. एकदा मालकिणीनं तिनं इस्त्री केलेला झगा नाकाशी धरला आणि म्हणाली, असा झगा या घरात कुणी कधी इस्त्री केला नव्हता. कुणी कधी. मी तिथेच उभी होते, हातात माझे दहा वर्षांचे झगे घेऊन. त्या दुपारी मी कानातलं घेतलं.

हे मी लिहिलं आणि उठून पाणी प्यायले.

मग वादळ आणलं. होडी उलटते. म्हातारी होडीच्या बांबूला धरून ओरडते, "दोन्ही हातांनी धर पोरी, मूठ सोड!" बिबांग मूठ सोडत नाही. मुठीत ते कानातलं. सोडलं तर तासिंगला काय देणार. एका हातानं बांबू धरवत नाही. बस्स, तिथे थांबले.

आता वाचून बघितलं. हे मी लिहिलंय? मार्सेलात असं एक पान नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

वाचताना दादिंगचा आवाज फाटला. शेवटी माईकपासून बाजूला झाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आवाज काढणारा पिंपातलं पाणी ढवळायचाच थांबला, समुद्र मध्येच बंद पडला. कुणाला कळलंसुद्धा नाही.

बॉस धावत आला. "कुणी सांगितलं मारायला?"

मी म्हटलं, "मारिफेनंच. सांगून गेली होती. मी नुसते संवाद लिहिले." तोंडातून सहज गेलं. तो चिडलेला होता, चिडू दे की तिच्यावर.

तो माझ्याकडे बघत राहिला. "मला तर ती वेगळंच बोलली होती," म्हणाला. तिच्या गावात फोन नाही. बरं आहे.

२५ ऑक्टोबर, बुधवार

एस्पिननं काल टपरी उघडलीच नाही. आज उघडली तर अंगात काळा झगा! रेडिओतल्या मोलकरणीसाठी!

"इस्त्रीचं ऐकलंस?" मला विचारते. "मी आयुष्यभर जावेच्या हातचं जेवण चांगलं म्हटलं नाही, पेली. का ते मला परवा कळलं. काय पोर आहे ती मारिफे! एवढ्या लहान वयात तिला कसं कळलं?"

मी बातचोय खाल्ली. पैसे ठेवून उठले.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

जिकडे जावं तिकडे इस्त्री. चर्चमध्ये फादरनी प्रवचनात घेतली. जीपनीत दोन बायका मूठ वळून दाखवत होत्या. बॉसचा राग कधीच उतरला, आता म्हणतो, "काय धाडस पोरीचं! भरात असताना मारली."

ते माझं आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझं असं काही आलंय आणि त्यावर तिचं नाव. ओरडून सांगावंसं वाटतं. पण सांगायचं तर हेही सांगावं लागेल की का मारली.

आजवर मी तिच्यावर जळत होते. आता माझ्याच लिहिण्यावर जळते आहे. हसावं की रडावं!

१ नोव्हेंबर, बुधवार

मेलेल्यांचा दिवस. सकाळी आईच्या थडग्यावर गेले. गवत काढलं, मेणबत्त्या लावल्या. एक उरली ती पर्समध्ये टाकली. कागद द्यायला स्टेशनवर आले तर फाटकापाशी गर्दी.

भिंतीच्या कडेनं मेणबत्त्या. फाटकाच्या दोन्ही बाजूंना. इबोस, भाताचे गोळे, कुणी कॉफीचा पेला झाकून ठेवलेला. हलक्यातलं एक कानातलं, एकच. एक परटीण पोराला सांगत होती, "समुद्रात गेली बाई. थडगं नाही तिला. मग मेणबत्ती लावायची कुठं? जिथून तिचा आवाज यायचा तिथं."

पोरगं म्हणालं, "पण ती खोटीच होती ना?"

"तू गप."

दादिंग तिथेच बसली होती, वाऱ्यानं विझलेल्या परत पेटवत. "मानांग, तुम्हीपण एक लावा ना."

"मी कशाला लावू? माझी कोण लागते ती?"

मागच्या दारानं आत गेले. आज मार्सेलाला नागाच्या बिळात टाकलं होतं. वाचवलं. मार्सेला मेली तर किती लागतील, हा विचार दिवसभर जात नाही. एस्पिन लावेल एक. तीही भिडेखातर.

६ नोव्हेंबर, सोमवार

मारिफे आली. आता फुटणार सगळं.

बॉस सगळ्यांसमोर म्हणाला, "काय शेवट दिलास, पोरी!" तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मी टाइपरायटरची फीत नीट करत होते. ती बॉसला म्हणाली, "लोकांना आवडला ना? मग झालं."

एवढंच. का नाही बोलली? उपकार करते माझ्यावर? चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

८ नोव्हेंबर, बुधवार

बॉसनं सांगितलं, डिसेंबरपासून मार्सेलाच. दुसरं आहेच काय. त्याचा चेहरा असा की पाहुण्याला शिळं वाढतोय. मारिफे नवीन काही लिहिणार का, विचारलं तर म्हणाला, "ती नाही राहणार." आणि फोन उचलला.

जिंकले मी!

घरी येऊन मार्सेलाचा भाग लिहायला बसले. तिच्या घराला आग लावली. फाडला. धाकटी बहीण आणली, सगळे तिचं कौतुक करतात, मार्सेला बघत उभी. इथपर्यंत छान झालं. पण मार्सेला हसून बहिणीला जवळ घेते. एकोणीस वर्षं तिला तेवढंच येतं. दुसरं काही करायला तिचा हात उचलेना. फाडला.

बिबांग असती तर तिनं काय केलं असतं, मला पानंच्या पानं सुचत होती.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

मारिफे आज मनिलाच्या बोटीनं गेली. तिथल्या मोठ्या स्टेशनात नोकरी. वडील आजारी नव्हतेच, ती तेव्हा तिकडेच गेली होती. धक्क्यावर म्हणाली, "बॉसना मी सप्टेंबरातच सांगितलं होतं. मी गेले की बिबांग मानांगला द्या, आणि डिसेंबरात तीच ठेवा. माझी नोकरी पक्की होईपर्यंत तुम्हाला सांगू नका, म्हटलं. ते भाग तुमच्याकडे टाकले ते हात बसावा म्हणून."

मला का, मी विचारलं.

"तिनं का चोरलं ते मला कळत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघायचात ना मानांग, तेव्हा वाटायचं, बिबांग तासिंगकडे असंच बघत असणार. तुम्हाला कळेल. कळलंच की."

मी म्हटलं, बिबांगचा देह कुठे सापडलाय, परत आणता येईल. ती म्हणाली, "लोकांनी मेणबत्त्या लावल्या, मानांग. आता कशी आणणार?"

येताना स्टेशनवरून आले. भिंतीशी नुसतं मेण उरलंय. पर्समधली आईची मेणबत्ती काढली, लावली, विझेपर्यंत तिथे बसले. दादिंग बाहेर आली, तिनं विचारलं नाही, तरी मीच सांगितलं. बिबांग माझी होती.